तेलाची चिंदी

पोट्टी आत झोपली होती आन् सैपाकखोलीच्या खिडकीतून धूर निघून राहिला होता. मी गच्चीवर, हातात वाळलेले कपडे. आधी मले वाटलं शेजारी कोणी कचरा जाळला असन, मंग वाकून पाहिलं तर धूर आमच्याच खिडकीतून. कपडे तिथंच फेकले. जिना कशी उतरली ते मले आजही आठवत नाही, एक चप्पल वरच राहिली, मे महिन्याची दुपार, जिन्याचं सिमेंट तव्यासारखं, पाय भाजला ते मले संध्याकाळी फोड आला तेव्हा समजलं.

पोट्टी समोरच्या खोलीत, कुलरपुढं, अंगठा तोंडात घालून झोपलेली. मायी लेक, दीड वर्षाची. उचलली तशी खोकली, मंग रडली, रडली म्हणून मायी छाती जाग्यावर आली. बाहेर पळाली. शेजारची तेलुगु आंटी फाटकात उभी होती, तिच्या हातात पोट्टी दिली आन् परत आत.

"अरे पागल, सिलेंडर है अंदर!" आंटी ओरडली.

सिलेंडरसाठीच तर जाऊन राहिली होती मी. ओट्याखाली सिलेंडर, सिलेंडरच्या मागं कोपऱ्यात जाळ, प्लास्टिकचा डब्बा वितळून खाली सांडलेला, आन् जाळ वर चढून ओट्याच्या लाकडाले चाटून राहिला होता. मी हात घालून रेगुलेटर फिरवला. कोणीकडं फिरवला, चालू होता का बंद होता, पोट्टीची शपथ, मले नाही आठवत. हीच गोष्ट पुढं मले खाऊन गेली. मंग आंटीनं पोट्टीले कमरेवर घेऊनच बाल्टी आणली, मी पाणी फेकलं, अजून एक बाल्टी, अजून एक. पाच मिनिटांचं काम असन. ओट्याची एक कड काळी पडली, पडदा गेला, भिंत काळी झाली. बाकी काही नाही. पण मायं पाहाल तर त्या पाच मिनिटांत सगळंच गेलं.

कसं गेलं ते सांगते. मी आठवी शिकलेली, तेही हिंदीत, मराठी फक्त घरात बोलली, म्हणून लिहिण्यात वाकडंतिकडं होईन.

तो ओटा साधा ओटा नव्हता. माये सासरे प्लांटातून, म्हणजे पोलादाच्या कारखान्यातून, रिटायर झालेले, मी लग्न होऊन आली तेव्हा ते नव्हते, पण त्यायचं झोपायचं तखत होतं. सागवानाचं, मोठं, दोघं माणसं धरल्याशिवाय हलत नव्हतं. प्लांटाचं क्वार्टर सुटलं तेव्हा सासू मोठ्या मुलाकडं पद्मनाभपुरले गेली आन् तखत आमच्या वाट्याले आलं, कोहक्यातल्या ह्या दोन खोल्यांत. ठेवायले जागा नाही. सैपाकखोलीत ओटा नाही, मी खाली बसून सैपाक करू, पोट्टी रांगायले लागली तशी गॅसजवळ येऊ लागली. तेव्हा माया माणूस म्हणाला, तखताच्या फळ्या काढून ओटाच करू. माया माणूस प्लांटात ठेकेदाराकडं आहे, मिलमध्ये. हात चांगला आहे त्यायचा, डोकंही चांगलं आहे, आयटीआय झालेले आहेत.

सासूले पसंत पडलं नाही. "बापाच्या झोपायच्या जागेवर आता कांदे कापणार काय रे?" असं म्हणाली. पण मुलापुढं चाललं नाही तिचं. मंग मले म्हणाली, "बाई, ठेवशील का नीट? माणसाची आठवण आहे ती." मी म्हटलं, "हाव आई, ठेवीन." तेव्हापासून तिचा डोळा माया हातावर. आन् पोट्टीवर. मी पहिल्या दिवसापासून अडाणी, पोट्टीले पावडर लावते तर जास्त, टोपडं घालते तर गरम, तिच्या तोंडी एकच, "लेकरू मायाजवळ राहू द्या, हिले काय समजते?" मी हसून टाळत होती. पण रात्रंदिवस तीच भीती होती मले, की एक दिवस काही चुकीन आन् ही खरंच घेऊन जाईन.

मिस्त्री छत्तीसगडी, म्हातारा, कानावर पेन्सिल. त्यानं फळ्या जोडल्या, रंधा मारला, आतून असा मधासारखा रंग निघाला की मी हातच फिरवत बसली. मिस्त्री म्हणे, ह्याच्यावर आता तेल पाहिजे, पालिश लावली तर चाकूनं निघून पोळीत येईन, तेल लाकूड पिऊन घेते. कोणतं तेल? तो म्हणे, घरी पाहून घ्या.

मंग मी पाहिलं. हे काम मले भारी आवडलं, खरं सांगते. उरलेला एक तुकडा होता, त्याच्यावर कोळशानं रेघा मारून खाने केले. एकात फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं तेल, एकात सरसोंचं, एकात जवसाचं, मायी माय भंडाऱ्याकडून घाणीचं पाठवते ते. रोज सकाळी पोट्टी कमरेवर अन् मी त्या तुकड्यावर बोट फिरवून पाहू. फल्लीचं तर आठ दिवसांतही चिकटच, मुंग्या आल्या, खवट वास मारू लागलं. सरसोंचं पिवळं पडलं आन् डोळ्यात जाईन असा झणका. जवसाचं मात्र हळूहळू आत गेलं, वरून कोरडं, पाणी टाकलं तर थेंब थेंबासारखाच उभा. मले माहीतच होतं. मायी माय काठवटीले जवसाचंच तेल लावे, पीठ भिजवायची लाकडाची काठवट, तिच्या सासूची होती, अजून फुटली नाही.

मी मिस्त्रीले तुकडा दाखवला. खूश झाला, "बहिनी तो मिस्त्री बन गे," म्हणे. पण घाणीचं तेल सुकायले लई दिवस लागतात, ओटा महिनाभर रिकामा ठेवा लागन, तेच तेल उकळलेलं डब्ब्यात येते, ते दुसऱ्या दिवशी सुकते. हे तो माया माणसाले बाहेर फाटकात सांगत होता, मी आत पोट्टीले भात चारून राहिली होती. अजून बराच वेळ बोलले ते दोघं. मले काय माहीत काय.

दुसऱ्या दिवशी हे पावर हाउसच्या बाजारातून डब्बा घेऊन आले. सगळं इंग्रजीत. कोपऱ्यात एक लाल चौकट, तिच्यात ज्वाळेसारखं चित्र. मी विचारलं, "हे लाल कावून काढलं?"

"कंपनीचा मार्का असन."

"काय लिहून आहे?"

"जवसाचं तेल आहे लिहून. तू जवसाची चटणी खात नाही का? तेच आहे."

"वास तर रंगासारखा येते."

"अवं, तुले सगळ्याचा वास येते. लाव ना."

लावलं. दोन दिवस दोन हात. मायाच जुन्या ओढणीच्या चिंद्या केल्या, तेल ओतायचं, चिंदीनं रेषेच्या अंगानं घासायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं. ओटा असा चमकला की मी आंटीले बोलावून दाखवला. "अरे, ये तो होटल जैसा," आंटी म्हणाली. तिसरा हात दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. म्हणून चिंदी फेकली नाही. आमच्याकडं तेलाची चिंदी कोणी फेकत नाही, मायी माय काठवटीची चिंदी गोळा करून, लाडवासारखी दाबून चुलीमागं ठेवे, वर्षभर तीच चिंदी, तेल वाया जात नाही. मीही दोन्ही दिवसांच्या चिंद्या घट्ट गोळा केल्या, प्लास्टिकच्या डब्ब्यात घातल्या, सिलेंडरच्या मागं कोपऱ्यात ठेवल्या, पोट्टीचा हात पोचू नये म्हणून. मले वाटलं किती शहाणी मी.

त्याच दिवशी दुपारी मी कपडे काढायले गच्चीवर गेली.

आंटीच्या फोनवरून ह्यायले सांगितलं, हे शिफ्ट सोडून आले. पोट्टी माया मांडीवर, मी आंटीच्या दारातल्या ओट्यावर बसली होती. हे आधी आत गेले. पाहिलं. बाहेर आले, चेहरा पांढरा. आन् पहिली गोष्ट काय विचारली?

"चिंदी कुठं ठेवली होती?"

मी म्हटलं, "डब्ब्यात." पोट्टीले काही झालं का, तुले काही झालं का, हे त्यायनं मंग विचारलं. तेव्हा मले काहीच वाटलं नाही. आता रोज वाटते.

संध्याकाळी सासू आली, ऑटोतून उतरली ती सरळ ओट्याजवळ. काळ्या कडेवर हात ठेवला आन् रडायले लागली. "त्यायच्या तखताले आग लावली व माय." मी कोपऱ्यात उभी. माया माणूस दारात. ती म्हणाली, "कशी लागली रे?"

मी तोंड उघडणार की मले खरंच नाही माहीत, त्याआधी हे बोलले. खाली पाहून.

"गॅस चालू राहिला असन. चहा ठेवला होता तिनं."

चहा मी ठेवला होता, सकाळी दहाले. बंद केला होता. केला होता ना? मी रेगुलेटर फिरवला तेव्हा तो चालू होता का? सासू मायाकडं पाहून राहिली, हे खाली पाहून राहिले, आन् मी काय म्हटलं माहीत आहे? "असन," म्हटलं. "माया हातून राहिला असन."

बस. सासूनं तेव्हाच पोट्टीचे कपडे पिशवीत घालायले सुरुवात केली. "थोडे दिवस मायाजवळ. हिचं डोकं ठिकाणावर आलं की पाहू." मी ह्यायच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "तिथं धुराचा वास नाही, बरं राहीन तिले." पोट्टीनं ऑटोतून हात हलवला, तिले वाटलं फिरायले चालली.

त्याच्यानंतर मी कशी राहिली ते मले सांगता येत नाही. गॅसची बटणं पाहू, परत पाहू, बाथरूममध्ये गेली की परत येऊन पाहू. रेगुलेटर काढूनच ठेवू लागली. रोज दुपारी पद्मनाभपुरले जाऊन पोट्टीले पाहून येऊ, सासू एक तास बसू दे, मंग म्हणे, "आता झोपायची वेळ झाली तिची." एका दिवशी पोट्टी मायाकडं यायले तयारच नाही झाली, आजीच्या पदरात लपली. त्या दिवशी घरी येताना ऑटोत मी मनात म्हटलं, बरोबरच आहे, जी माय गॅस चालू ठेवून गच्चीवर जाते तिच्याकडं लेकरानं कावून यावं?

मंग मिस्त्री आला. जळलेली कड रंध्यानं काढायले. आला, पाहिलं, कोपऱ्यातला वितळलेला प्लास्टिकचा डाग पाहिला, बोटानं खरडला, वास घेतला. आन् मायाकडं असं पाहिलं जशी मीच वेडी आहे.

"चिंदी ला इहां राखे रहे का बहिनी?"

"हाव."

"मैं तो भइया ला बताय रहेंव. फाटक मा. ए तेल के चिंदी ला गोला करके झन राखबे, पानी मा बुड़ो देबे, नइ तो फैला के सुखो देबे. गरमी मा अपने आप बर जाथे. दू बेर बताय रहेंव."

मले छत्तीसगडी समजते, सगळं समजलं. ह्या डब्ब्याच्या तेलाची चिंदी गोळा करून ठेवू नको, पाण्यात बुडव, नाही तर पसरून वाळू घाल, गरमीत आपोआप पेटते. दोनदा सांगितलं होतं. भइयाले.

मी विचारलं, "मंग गॅस?"

"का के गैस? गैस होतिस तो तोर घर बांचतिस?" गॅस असता तर घर वाचलं असतं काय, म्हणे.

मंग मी माळ्यावरून तेलाचा डब्बा काढला आन् ते लाल चौकटीतलं चित्र पाहिलं. ज्वाळा. ज्याले एक अक्षर येत नाही त्यालेही समजन अशी ज्वाळा. आन् अजून एक गोष्ट आठवली. हे रोज घरी येऊन सांगत, आज सेफ्टी टॉकमध्ये काय झालं, रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांले उभं करून सांगतात ना, तेल पुसलेला कापूस वेगळ्या झाकणाच्या डब्ब्यात, उघडा ठेवू नका, आग लागते. हसून सांगत. म्हणत, "तेच तेच, पाठ झालं बाप्पा." पाठ झालं होतं.

हे आले. मी पाणी दिलं नाही. म्हटलं, "मिस्त्री आला होता."

त्यायले एका सेकंदात समजलं. खुर्चीवर बसले, बूट काढले, एक एक.

"विसरलो," म्हणाले. "सांगायचं विसरलो. माणूस विसरत नाही का?"

"विसरले ते ठीक आहे. गॅस कावून म्हटलं?"

हे मोजे काढून बुटात कोंबू लागले.

"मले कावून म्हणू दिलं, माया हातून राहिला असन? मी रोज मरून राहिली, बटणं पाहून पाहून..."

"आई काय म्हणाली असती तुले माहीत आहे. बापाचं तखत मी कापलं, मीच जाळलं, असं. तिनं माया तोंडाकडं पाहिलं नसतं जिंदगीभर. तुले काय, तुले ती तशीही बोलते."

तुले ती तशीही बोलते. हे शब्द त्यायच्या तोंडून असे आले जसे पाणी दे, मीठ दे.

मी म्हटलं, "उद्याच्या उद्या आईले सांगा. मायी पोट्टी आणा."

तेव्हा त्यायनं सांगितलं की सासूसंग बोलणं झालेलं आहे. येत्या रविवारी बुद्धविहारात वंदनेनंतर, चार बायांपुढं मी कबूल करायचं की मायी चूक झाली, पुन्हा होणार नाही, म्हणजे सासूच्या मनाले शांती, आन् पोट्टी घरी. "दोन शब्द बोल आन् पोट्टी घेऊन ये. तू दुसरं काही बोलशील तर मी म्हणीन मले मिस्त्रीनं काही सांगितलं नाही. मिस्त्रीही मायाकडूनच काम घेते." डोळ्यात पाणी होतं त्यायच्या, खोटं नाही बोलत मी. हात जोडले मले. मी तो हात पाहून राहिली होती, ज्या हातानं ओटा बनवला तो.

रविवारी सासूच्या घराजवळच्या विहारात गेलो. पांढरी साडी नेसून. सगळे बसले, पंचशील सुरू झालं, पाच गोष्टी करणार नाही असं आपण मोठ्यानं म्हणतो, लहानपणापासून पाठ आहे. चौथी, खोटं बोलणार नाही. पुरुषांच्या ओळीत ह्यायचा आवाज मले वेगळा ऐकू आला, जाड आवाज आहे त्यायचा, जराही अडकला नाही. मी मात्र चौथ्यावर थांबली. तोंडच उघडलं नाही. सासूच्या मांडीवर मायी पोट्टी, नवीन फ्रॉक, मायाकडं पाहून बोट चोखून राहिलेली.

वंदना संपली. बाया गोल बसल्या. सासू म्हणाली, "बोल बाई, काय बोलायचं ते."

माया तोंडाशी आलं होतं. चिंदी. मिस्त्री. फाटक. लाल ज्वाळा. हे खांबाजवळ उभे, चपला शोधायचं नाटक करून राहिले होते. एकदा मायाकडं पाहिलं.

मी म्हटलं, "मायी चूक झाली. गॅस माया हातून चालू राहिला. पुन्हा नाही होणार."

एक म्हातारी बाई म्हणाली, "होते व माय, तरण्या पोरीयचं ध्यान नसते." सासूनं डोळे पुसले, पोट्टीले उचलून मायाकडं दिलं, डोक्यावरून हात फिरवला माया. लग्नानंतर पहिल्यांदा फिरवला. पोट्टीनं माया गळ्याले असं धरलं की माळ तुटली.

आता पोट्टी घरी आहे. ओट्याची ती कड मिस्त्रीनं गोल करून दिली, तिसरा हात मीच दिला, मायच्या घाणीच्या तेलाचा, सुकायले पंधरा दिवस लागले तर लागले. चिंदी पाण्यात बुडवते आन् मंग अंगणातल्या तारेवर एकेक करून पसरते, फाटकातून येता-जाता दिसते. हे पाहतात आन् तारेखालून वाकून आत जातात. सासू मात्र आली की सगळ्यांपुढं म्हणते, "बटण पाहिलं ना व?" आन् पोट्टीले मांडीवर घेऊन गंमत सांगते, "तुया मायनं तर तुले भाजूनच टाकलं होतं." पोट्टी हसते, अजून समजत नाही. पण शब्द शिकून राहिली ती, रोज एक नवीन. परवा तिनं गॅसकडं बोट दाखवून मले म्हटलं, "आई, बंद."

मी त्या रविवारी खरं बोलली असती तर ती आजही पद्मनाभपुरलेच असती, हे मले माहीत आहे. खोटं बोलली म्हणून ती मोठी होऊन मले जाळणारी माय समजन, हेही माहीत आहे. सासूच्या मांडीवर पोट्टी तिकडं, खांबाजवळ माणूस तिकडं, आन् मधात तुमी बसल्या असत्या, सगळ्या बाया तुमच्या तोंडाकडं पाहून राहिल्या असत्या, तर तुमी काय केलं असतं? सांगा ना. खरंच सांगा, तुमी काय बोलल्या असत्या?